जरा लक्ष ठेवा हं

पद्माकरकाकांसमोर कुठलाही विषय काढा, पाच मिनिटांत गाडी डीडीआरवर येणार म्हणजे येणार. डीडीआर म्हणजे आपल्या लहानपणीच्या नकाशातला पूर्व जर्मनी. ते कम्युनिस्ट राज्य बुडून पस्तीस वर्षं झाली, पण काकांच्या तोंडून ते काही अजून बुडालेलं नाही. मी म्हणावं, आज ट्राम वीस मिनिटं उशिरा आली. काका म्हणणार, "तेव्हा कधी उशिरा नाही यायची." मी म्हणावं, माझ्या लेकीची, सियाची दाढ दुखतेय आणि दाताचा डॉक्टर दीड महिन्यानंतरची वेळ देतोय. काका म्हणणार, "तेव्हा कारखान्यातच डॉक्टर असायचा. दुपारच्या सुट्टीत दाढ काढून परत मशीनवर." फक्त संत्र्यांचा विषय निघाला की गप्प बसतात, कारण तेव्हा संत्री नाताळातच दिसायची.

हे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. आम्ही नऊ वर्षांपूर्वी फ्रँकफर्टहून इकडे पूर्वेला, येनाला आलो, तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "तिथे पद्माकर आहे, काळजी नको." बाबांना काय माहीत! काळजी नसेल, पण डोकेदुखी आहे ना. दर रविवारी एकत्र जेवण, आणि दर रविवारी तेच पुराण.

काका मूळचे कराडजवळच्या ओगलेवाडीचे. वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. पोरगं हुशार, हातात कसब, म्हणून सत्त्याहत्तर साली काचकामाच्या शिक्षणासाठी इथे आलं आणि इथलंच झालं. भिंगांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिथेच हायडरून भेटली. परदेशी माणसाशी लग्न करायला तेव्हा सरकारची परवानगी लागायची. ती मिळेपर्यंत दोघांनी दीड-दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. हेसुद्धा काका हसत सांगतात, जसं काही रेशनच्या रांगेत उभे होते.

लग्नानंतर पहिलं घर जुन्या इमारतीत. कोळशाची शेगडी, तळघरातून बादलीनं कोळसा वर आणायचा, संडास जिन्याच्या अर्ध्यावर आणि तो तीन घरांत मिळून. मग पंच्याऐंशी साली गावाबाहेरच्या लोबेडा वसाहतीत नव्या उंच इमारतीत तीन खोल्या मिळाल्या. इथे काकांचा आवाज चढतो. "गरम पाणी! भिंतीतून! चोवीस तास! अगं, ओगलेवाडीत आई चुलीवर पातेलं ठेवायची!" दोन्ही हात भिंतीकडे नेऊन दाखवतात. आणि शेवट ठरलेला: "तोंड तेवढं बंद ठेवायचं. बाकी सगळं सरकार बघत होतं."

या वाक्याला माझं टाळकं सटकतं. अहो काका, तोंड बंद ठेवायचं ते "तेवढं" कसं? ज्यांनी नाही ठेवलं त्यांचं काय झालं?

आणि खरा वैताग कशाचा आहे सांगू? मला त्यांना उडवून लावता येत नाही. सिया दोन वर्षांची होती तेव्हा फ्रँकफर्टला पाळणाघरात जागा मिळवता मिळवता माझे नाकी नऊ आले होते. आईला पुण्याहून बोलावून घेतलं, तिचा व्हिसा संपला, मग मी नोकरी सोडून घरी बसले. आणि हायडरूनकाकू? मुलगी, म्हणजे स्वानंदी, वर्षाची झाल्याबरोबर पाळणाघरात टाकली आणि परत मशीनवर. पुढे भिंगं घासायच्या अख्ख्या विभागाची प्रमुख झाली. हाताखाली तीस माणसं, त्यात निम्मे पुरुष. हे त्याच सरकारनं दिलं, नाही कसं म्हणू? माझ्या ऑफिसातला म्युनिकचा सहकारी डीडीआर म्हटलं की नाक मुरडतो, जसं काही तिथली माणसं चाळीस वर्षं नुसती अंधारात उभी होती. त्याचाही राग येतो मला.

घरात रुपेश, म्हणजे माझा नवरा. तो सोफ्यावर लोळत, फोन बघत म्हणतो, "थोडी सक्ती लागतेच गं. त्याशिवाय देश पुढे जात नाही." मी म्हटलं, "हो का? परवा काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाक म्हटलं, तर दोन दिवस तोंड पाडून बसला होतास." तर म्हणे, ते वेगळं. सगळ्यांचं वेगळंच असतं. सक्ती नेहमी शेजाऱ्यावर व्हायला हवी असते.

काकूंचं सांगायचं राहिलंच. बर्लिनची भिंत पडल्यावर ती पहिल्यांदा ओगलेवाडीला गेली, सासूबाईंजवळ चार महिने राहिली आणि तिथलं मराठी घेऊन आली. "लई" म्हणते, "न्हाई" म्हणते. नवऱ्याला अजून "अहो" म्हणते, जर्मन वाक्यातसुद्धा. अहो, कोम एसन. म्हणजे अहो, जेवायला या. काका डीडीआरचं सुरू झाले की ती वाद घालत नाही. वाढत राहते. पाळणाघराचं निघालं की मान डोलावते, "चांगलंच होतं. मी कुठं न्हाई म्हटलं?" फक्त एकदा, मी आणि ती दोघीच भाजी निवडत असताना, म्हणाली, "हा सगळं मोजतो. डीटमारला मोजत न्हाई."

डीटमार तिचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, म्हणून या दोघांच्या त्या कोळशाच्या घरात, स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायचा. एकोणीस वर्षांचा असताना देश सोडून पळायला निघाला. हंगेरीमार्गे ऑस्ट्रियात जायचं असं काहीतरी ठरवलं होतं. चेक सरहद्दीकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीतच पोलिसांनी उचलला. दीड वर्ष तुरुंग. परत आला तेव्हा पुढचे दात नव्हते आणि कुणाशी बोलत नव्हता. बॉयलरवर काम दिलं, तिथे प्यायला लागला, आणि भिंत पडायच्या आदल्या वर्षी गेला. चोवीस वर्षांचासुद्धा नव्हता. काकू हे सगळं सरळ सांगते, रडत वगैरे नाही. काका मात्र त्याचं नाव घेत नाहीत. त्याचा विषय निघाला की उठून बाल्कनीत जातात.

आता यात ठिणगी टाकली ती माझ्याच लेकीनं. सियाच्या शाळेत इतिहासाच्या बाईंनी सांगितलं, डीडीआरमध्ये राहिलेलं कुणी ओळखीचं असेल तर वर्गात बोलायला आणा. हिनं हात वर केला. घरी येऊन मला म्हणते, "एर इस्ट पर्फेक्ट, मम्मा! आइन इंडर!" म्हणजे काका अगदी योग्य, कारण भारतीय माणूस तिथे काय करत होता हे कुणालाच माहीत नाही. मी मराठीत ओरडले, ती जर्मनमध्ये खांदे उडवून खोलीत गेली.

रविवारी जेवताना ही बातमी फुटली. काका खूश. कॉलर ताठ. "सांगतो की! पोरांना कळलं पाहिजे, सगळं काळंच नव्हतं." आणि काकूनं हातातला डाव भातात तसाच ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "तिथं डीटमारचं नाव घेणार का?"

"अगं, मुलांसमोर कशाला ते..."

"घेणार का?"

काका पापडाचे तुकडे करत बसले.

"मग ऐका," काकू म्हणाली. "चारचौघांत उभं राहून गरम पाणी सांगणार आणि माझा भाऊ सांगणार न्हाई, तर मी स्वानंदीकडे जाते. रेगेन्सबर्गला. तिनं खोली ठेवलीय माझ्यासाठी. मग परत यायची न्हाई."

रुपेशला वाटलं बाई चिडलीय, उतरेल. मला नाही वाटलं. काकू धमकी देणाऱ्यातली नव्हेच. तिनं एकदा सांगितलं होतं की सिगारेट सोडते, आणि त्या क्षणापासून सोडली होती. काका त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, चहासुद्धा स्वतःचा स्वतः करता येत नाही. ही गेली तर हा माणूस त्या आठव्या मजल्यावर कुणाच्या जिवावर राहणार होता? माझ्या! आणि दुसऱ्या कुणाच्या?

म्हणून मी मंगळवारी अर्धी रजा टाकून लोबेडाला गेले. काकू व्यायामाच्या वर्गाला गेली होती, ती वेळ साधून. काकांनी दार उघडलं, मी चपला काढता काढताच सुरू केलं.

"काका, एक वाक्य. फक्त एक. माझा मेहुणा होता, डीटमार, त्याला तुरुंगात टाकलं, ते वाईट झालं. मग म्हणा तुमचं गरम पाणी आणि पाळणाघर आणि काय ते."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"नाही ना कळत! मग सांगा!"

चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

"काका, तुमचं काय जातंय हो एक नाव घ्यायला? सरकार गेलं, पक्ष गेला, त्यांचे पुतळेसुद्धा गेले. आता कुणाला घाबरताय? बायकोपेक्षा ते मेलेलं सरकार मोठं झालंय का तुम्हाला?"

बोलून गेले आणि मला वाटलं, जास्त झालं. पण काका चिडले नाहीत. चष्मा परत घातला, खिडकीबाहेरच्या सारख्याच दिसणाऱ्या इमारतींकडे बघितलं आणि म्हणाले, "घेतो. नाव घेतो. जा तू आता."

मी घरी आले ती काय तोऱ्यात! रुपेशला म्हटलं, बघ, पंचेचाळीस वर्षांचा संसार मी अर्ध्या तासात वाचवला. काकूला फोन करून सांगितलं, काका नाव घेणार आहेत, तू ये. ती म्हणाली, "येते."

शाळेतला तो वर्ग सकाळी दहाचा. दहावीची मुलं, अर्ध्यांचे पाय टेबलाबाहेर. सिया पुढे बसलेली, लाजून लाल झालेली. काकू शेवटच्या रांगेत, कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन. मी तिच्या शेजारी. काका सूट घालून आले होते, टायसकट.

आणि बोलले, खरं सांगते, छान बोलले. जर्मनमध्येच, त्यांच्या त्या कराडी हेलात. काचेच्या भट्टीचं सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात नाकातले केस गोठले ते सांगितलं, मुलं हसली. जिन्याच्या अर्ध्यावरच्या संडासाचं सांगितलं, आणखी हसली. लग्नाच्या परवानगीचं सांगितलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "आणि नाही म्हणाले असते तर?" काका म्हणाले, "तर मी अजून रांगेत असतो." काकूसुद्धा जरा हसली. मी मनात म्हटलं, चला, आता नाव घ्या आणि सुटा.

काका म्हणाले, "आज माझ्या मजल्यावर सहा घरं आहेत. मी मेलो तर वास आल्यावर कळेल. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा शेजारी एकमेकांवर लक्ष ठेवायचे."

पुढच्या रांगेतली केस निळे केलेली एक मुलगी फिस्सकन हसली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ती म्हणाली, "ते माहितीय आम्हाला. सगळेच सगळ्यांवर लक्ष ठेवायचे. आणि वर गुप्त पोलिसांना कळवायचे." वर्ग हसला. बाईंनी हात वर करून गप्प केलं.

"नाही, नाही," काका म्हणाले. "तसं नाही. मी मायेनं म्हणतोय. आमच्याकडे..." आणि त्यांना जर्मन शब्द सापडेना. सरळ मराठीत म्हणाले, त्या चोवीस मुलांसमोर: "जरा लक्ष ठेवा हं."

मग जर्मनमध्ये समजावायला लागले. आमच्या गावात घराबाहेर पडताना शेजाऱ्याला असं सांगतात. दारावर, दुधावर, पोरावर. त्यात काही नसतं. शेजारी आपलाच असतो. पोरगं विहिरीकडे गेलं तर तो कान धरून घरी आणून सोडतो. "मी तेच म्हणालो," काका म्हणाले. "मी फक्त तेवढंच म्हणालो."

कुणाला, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"माझा मेहुणा होता. डीटमार. माझ्यासाठी धाकट्या भावासारखा. त्यानं मोपेड विकली. रात्री नकाशा बघत बसायचा. मला वाटलं, पोरगं काहीतरी वेडेपणा करणार, सरहद्दीवर गोळी खाणार. माझी रात्रपाळी होती. खालच्या मजल्यावर क्राल म्हणून गृहस्थ होते. आमचा नळ दुरुस्त करायचे, बागेतले कांदे द्यायचे. मी जिन्यात त्यांना म्हणालो, हेर क्राल, आमच्या डीटमारचं लक्षण ठीक दिसत नाही, जरा लक्ष ठेवा. मला वाटलं ते त्याला दम देतील. कान धरतील. ते म्हणाले, काळजी करू नका, पद्माकर. पुढच्या आठवड्यात त्याला गाडीतून उतरवला."

काकूचा श्वास मला ऐकू येत होता. मी तिच्याकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

"नंतर क्राल जिन्यात भेटले. माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाले, बरं केलंत. आणि चार महिन्यांनी आम्हाला लोबेडाचं घर मिळालं. आमचे शेजारी सहा-सहा वर्षं थांबले होते. आमचा नंबर लागला होता का, की दुसरं काही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. कसं विचारणार? बायकोला खोकला होता, मुलगी लहान होती, घरात कोळशाचा धूर. नवीन घरात पाणी गरम होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना ते पाणी सांगतो. तुम्ही मला विचाराल, चांगलं होतं की वाईट. मला ते वाईट म्हणवत नाही. वाईट म्हटलं तर मग मी ते घर कशाच्या बदल्यात घेतलं?"

संपलं. टाळ्या वाजवायच्या का नाही ते मुलांना कळेना. एकानं दोनदा वाजवल्या आणि थांबला. बाई काहीतरी आभाराचं पुटपुटल्या. निळ्या केसांची मुलगी टेबलाकडे बघत होती, आणि माझी सिया माझ्याकडे, जसं काही आता मी उठून हे सगळं नीट करणार होते.

काकू उठली. कोटाची वरची गुंडी लावली आणि दाराबाहेर गेली. काका म्हणाले, "हायडरून." एवढंच म्हणाले. ती थांबली नाही.

मी सियाला म्हटलं, काकांना ट्रामनं घरी ने, आणि तिच्या मागे धावले. ती माझ्या गाडीपाशी उभी होती. आत बसली, पट्टा लावला. लोबेडाला इमारतीखाली गाडी उभी केली तर उतरेना.

"तू वर जा," म्हणाली. "औषधं आण. स्वेटर आण. मी त्या घरात येत न्हाई."

मी वर गेले. चाळीस वर्षांचं घर आणि मला पिशवीत काय काय भरू कळेना. औषधं भरली, तीन स्वेटर भरले, चार्जर भरला. आणि माझा जो संताप संताप झाला! काकांवर, त्या क्रालवर, घर वाटणाऱ्या त्या राज्यावर. माणूस आपल्या माणसाची काळजी करतो आणि ती काळजी उचलून त्याच माणसाच्या गळ्यात फास म्हणून घालतात, वर तीन खोल्या देतात, आणि ते बक्षीसच होतं का तेही कळू देत नाहीत! आणि काकूवरही चिडले होते मी, हो, चिडले होते. नाव घे, नाव घे म्हणून हिनेच धरून बसायचं आणि घेतलं तर ही निघाली! आणि मी? मी तर त्यांना ढकलून ढकलून त्या वर्गात उभं केलं होतं.

गाडीत बसल्यावर माझ्याच्यानं गप्प बसवेना.

"काकू, त्यांनी मुद्दाम नाही केलं गं."

"माहीत आहे."

"त्यांना आपली ओगलेवाडीच वाटली. त्यांना काय कल्पना, शेजारी..."

"माहीत आहे, मालविका. मी तिथं राहिलेय. मला बी सगळे म्हणायचे, लक्ष ठेवतो हं."

"आणि तुलाच हवं होतं ना, त्यांनी नाव घ्यावं? घेतलं की! मग आता..."

ती पुढच्या काचेतून बघत होती. चौकात सिया आणि काका ट्राममधून उतरत होते. सियानं त्यांचा दंड धरला होता. काकांनी आमची गाडी बघितली आणि तिथेच उभे राहिले, पुढे येईनात.

"चल," काकू म्हणाली.

"काकू, एकदा बोल तरी त्यांच्याशी."

"काय बोलू? चाळीस वर्षं मी त्या सरकारला शिव्या दिल्या. रोज. डोळे उघडले की आधी तेच. सरकार मेलं तरी देत होते, त्यावर मी जगले." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "आणि हा रोज माझ्यासमोर बसून जेवत होता, मालविका. आणि मी त्याला वाढत होते."